उणे चार गुणांचा नवरा

कॅनडा सरकारच्या हिशेबाने माझा नवरा उणे चार आहे. मी रागाने म्हणत नाहीये. तक्ता जाहीर आहे, कुणीही मांडून बघावं.

कॅनडात स्थायिक व्हायला मी एकटी निघाले तर माझे 431 गुण होतात. मंदारला सोबत घेतलं की 427. त्याचं असं आहे की वय, शिक्षण, भाषा आणि तिथल्या नोकरीचा अनुभव मिळून एकट्या माणसाला जास्तीत जास्त 500 गुण मिळतात. नवरा किंवा बायको येणार म्हटलं की त्यातले 40 बाजूला काढून ठेवतात आणि सांगतात, हे आता जोडीदाराने कमवून आणा. माझ्या रकान्यांतून 24 गेले. वयाचे 7, एमएस्सीचे 9, इंग्रजीचे 8. मंदारने बीकॉमचे 8 आणि आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे 12 मिळून 20 भरले. उरलेल्या चारची वसुली बाकी आहे.

सासूबाईंना हे पटेना. "पत्रिकेत छत्तीसातले अठ्ठावीस जुळले होते. हे उणे चार कुठून काढलेत?" मी म्हटलं, तिथे नाडी बघत नाहीत, आयल्ट्स बघतात. पण मनातून त्यांचं पटलं. दोन्हीकडे अनोळखी माणसं, मध्ये एक तक्ता, आणि तोंड न बघता नकार कळवायची सोय. फक्त पत्रिकेत 18 वर भागतं. इथे एकूण 1200, आणि 2024 मध्ये सर्वसाधारण ड्रॉमध्ये बोलावणं यायला लागणारा आकडा 500 च्या खाली उतरायला तयार नव्हता.

गुणांची ही पद्धत कॅनडाने 1967 साली आणली. त्याआधी माणूस कुठल्या देशातून येतोय यावर बरंचसं ठरायचं आणि त्यात आपला नंबर कुठे लागणार हे सांगायला नको. तेव्हा गुण आले हे आपल्या दृष्टीने बरंच झालं. 1 जानेवारी 2015 पासून ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ सुरू झाली. सगळ्यांनी आपापले गुण (त्यांना सीआरएस म्हणतात) मांडून एका यादीत उभं राहायचं आणि दर थोड्या दिवसांनी वरच्या लोकांना बोलावणं जायचं. हा ड्रॉ. बोलावणं मिळालेल्या शेवटच्याच्या आकड्याला कटऑफ म्हणतात. कटऑफ म्हटल्यावर डोंबिवलीकर हरखतो. आमची सगळी पिढी अकरावीच्या याद्यांवर बोट फिरवत मोठी झाली. पॉइंट पाच टक्क्यांनी हुकलेलं कॉलेज आम्ही मुलांच्या मुंजीतसुद्धा काढतो. अशा गावात कुणी नवीन गुणपत्रिका आणली, तर तिच्यात नापास व्हायलाही रांग लागते. आठ-सतराच्या लोकलमध्ये कुर्ल्यापर्यंत पूर्वी साड्यांवर चर्चा व्हायची, आता ‘तुझं सीआरएस किती?’ यावर होते. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली बाईसुद्धा आपला आकडा सांगून मोकळी होते. पगार मात्र कुणी सांगत नाही.

या गुणपत्रिकेतला सगळ्यात अपमानास्पद रकाना वयाचा. विसाव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंत पूर्ण गुण. तिशीपासून दर वाढदिवसाला पाचेक गुण कापायचे, चाळिशीनंतर दहा-दहा, आणि पंचेचाळीसला भोपळा. आमच्याकडे वय वाढलं की निदान जेवायला आधी वाढतात. माझ्या छत्तिसाव्या वाढदिवसाला सासूबाईंनी पाट मांडला, निरांजन ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि "शतायुषी हो" म्हणाल्या. त्याच वेळी मंदार पाठीमागे मोबाइलवर वयाचे पाच गुण कापत होता. "चारशे सत्तावीस," तो म्हणाला. श्रीखंड खाताना मी मुलाला सांगितलं, तुला सहजी बावीस वर्षं आहेत, पण एकोणतिशीच्या आत आटप. तो म्हणाला, मला अजून पंचवीसचा पाढा येत नाही.

ठाण्यात नौपाड्यात एक सल्लागार आहेत. काचेची केबिन, भिंतीवर मेपलचं पान आणि त्याखाली गणपती. त्यांनी माझे कागद बघितले, मंदारकडे बघितलं आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "सरांना आपण नॉन-अकम्पनीइंग दाखवू या का?" म्हणजे नवरा आहे, पण सोबत येत नाही. मग तक्ता तुम्हाला एकटं धरतो आणि कापलेले गुण परत देतो. मंदारने विचारलं, "म्हणजे मी कुठे असणार?" सल्लागार म्हणाले, "कागदावर? डोंबिवलीतच." बाहेर आल्यावर तो गोखले रोडच्या टोकापर्यंत बोलला नाही. मुख्य अर्जदार मी, तो डिपेंडंट, हे त्याने मोठ्या मनाने स्वीकारलं होतं. डिपेंडंट तर डिपेंडंट, पण सोबत न येणारा डिपेंडंट म्हणजे नक्की कुणावर अवलंबून, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

मी त्याला आनंदीबाई जोशींचं उदाहरण दिलं. आपल्या शेजारच्या कल्याणात 31 मार्च 1865 ला जन्मलेली मुलगी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली आणि यजमान गोपाळराव पोस्टाची नोकरी सांभाळत मागे राहिले. नॉन-अकम्पनीइंगच की. 1886 ला बाई फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. मंदार म्हणाला, "त्यांचे किती होतात?" डोंबिवलीकराला इतिहास सांगा, तो गुण विचारणार. रात्री आम्ही मांडले. अमेरिकेऐवजी कॅनडाचा तक्ता लावला, पण तेवढं चालतं. वय 18, नवरा सोबत नाही, म्हणून 99. शिक्षण नवऱ्याने घरी शिकवलेलं, शाळेचा दाखला दाखवता येईल असं फारसं काही नाही, तेव्हा शून्य धरलं. नोकरीचा अनुभव शून्य. इंग्रजी उत्तम, भाषणं द्यायच्या, पण आयल्ट्स कुठे दिलंय? पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, आणि अर्जाला लागणारा एक वर्षाचा अनुभव नाही म्हणून यादीतसुद्धा उभं राहता आलं नसतं. मंदारला बरं वाटलं. त्याला आनंदीबाईंपेक्षा 12 गुण इंग्रजीत जास्त होते.

कागदांबद्दल लिहायला बसले तर दिवाळी अंक भरेल, म्हणून एकच सांगते. माझी पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं ‘मुग्धा’ हे नाव सरकारी कागदांत कुठेच नाही. ते आहे फक्त सोसायटीच्या भागदाखल्यावर, कारण आमच्या सेक्रेटरींना वाटलं तेच खरं. कल्याण कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेल्या टायपिस्टकाकांनी चष्मा कपाळावर ढकलून चारही नावं वाचली. "या चौघी एकच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "वारसाहक्काचं प्रकरण नाही ना?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी ‘सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की’ इथपासून धडाधड टाइप केलं आणि शेवटी सल्ला दिला, "मुग्धा काढून टाका, घर कुणी विचारत नाही." ते खरं निघालं. तिघांच्या कुटुंबाने खात्यावर किती पैसे दाखवायचे याचा 2024 चा आकडा 22,483 डॉलर होता, जवळजवळ 14 लाख रुपये, आणि ते रोख हवेत. टिळकनगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि आईच्या पाटल्या धरत नाहीत. ज्या दोन गोष्टींवर आमच्याकडे मुलींची लग्नं ठरतात, त्या तिथे बाद.

नातेवाइकांचंही तेच. सख्खा भाऊ किंवा बहीण कॅनडात असेल तर 15 गुण. मंदारचा आतेभाऊ ब्रॅम्प्टनला आहे. दर गणपतीत तो व्हिडिओ कॉलवर आरतीला असतो, मंदारच्या लग्नात अक्षता वाटल्या त्यानेच. किंमत शून्य. मामे, मावस, चुलत, सगळे शून्य. सासूबाईंनी आत्यांना फोन करून हे कळवलं. आत्या दुखावल्या. यंदा पहिल्यांदाच त्यांच्याकडून फराळाचा डबा आला नाही.

मग फ्रेंच. 29 फेब्रुवारी 2024 ला फ्रेंच येणाऱ्यांसाठी ड्रॉ निघाला, त्याचा आकडा 336 होता. ही बातमी डोंबिवलीत पोचली तेव्हा अकरावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून फ्रेंच घेतलेल्या बायकांचा भाव एका दिवसात वधारला. मी संस्कृत घेतलं होतं. शंभरपैकी शहाण्णव. धातुरूपं अजून झोपेत म्हणते, पण अर्जात त्याला रकाना नाही. मंदार ॲपवर शिकू लागला. सकाळी दूधवाल्याला बोंजूर, रात्री कुकरला मेर्सी. दोन आठवड्यांत त्याला ‘मुलगी सफरचंद खाते’ हे नीट येऊ लागलं आणि गाडी तिथेच थांबली. ब्रॅम्प्टनमध्ये तसं तेवढ्यावर भागेलही, कारण तिथे पंजाबी चालते.

लोकलमधले काका लोक वेगळंच सांगतात. "अहो, 2021 मध्ये 75 ला बोलावलं होतं. पंच्याहत्तर!" हे खरं आहे. 13 फेब्रुवारी 2021, एका दिवसात 27,332 लोक. पण ते आधीपासून कॅनडात नोकरी करणाऱ्यांसाठी होतं, हे सांगायला गेलं की काकांना मुलुंड येतं.

राहता राहिला मंदारचा आयल्ट्स. चारही विभागांत त्याची पातळी वर नेली तर 12 चे 20 होतात आणि तो उणे चारचा अधिक चार होतो. त्याचं बोलणं चांगलं, ऐकणं लग्नानंतर सुधारलं, अडकतं ते लेखनात. अर्धा बँड कमी पडला तर काय होतं हे मला विचारा: माझा लेखनाचा सात साडेसहावर आला असता तर 57 गुण एका फटक्यात गेले असते, कारण शिक्षण आणि अनुभव यांचे जोडगुणही भाषेच्या खुंटीला टांगलेले आहेत. परीक्षेत एक पत्र लिहावं लागतं, 150 शब्द, वीस मिनिटं. सरावाला मंदारने ‘शेजाऱ्याला आवाजाबद्दल पत्र’ हा विषय घेतला. 302 मध्ये महिनाभर टाइल्स फोडणं चालू होतं, त्यामुळे भावना आयती होती. त्याने लिहिलं, आपल्या घराचं नूतनीकरण होत आहे याचा आम्हाला आनंदच आहे, तथापि दुपारी दोन ते चार या वेळेत आपण ड्रिल बंद ठेवलंत तर मी आपला अत्यंत ऋणी राहीन. डोंबिवलीत वरच्या मजल्याला असं कुणी कधी बोललेलं नाही. आमच्याकडे झाडूचा दांडा छताला आपटतात.

पत्र टेबलावर राहिलं. सासूबाईंनी ते वाचलं, इतकं सभ्य लिहूनही पाठवलं का नाही याचं त्यांना नवल वाटलं आणि त्या स्वतः ते 302 मध्ये देऊन आल्या. संध्याकाळी वरची सून खाली आली. पत्र हातात होतं. आम्ही दार उघडायच्या आधीच माफीची वाक्यं जुळवली होती. तिने कागद मंदारपुढे धरला. लाल पेनने तीन ठिकाणी ‘द’ घातला होता, ‘अत्यंत ऋणी’ खाली रेघ मारून ‘इथे टोन जास्त होतोय’ असं लिहिलं होतं आणि तळाशी गोलात 143.

"सात शब्द कमी पडतायत," ती म्हणाली. "मी ऑस्ट्रेलियाची तयारी करतेय. पण तिथे साडेसहा कुणी देणार नाही याला."

वर ड्रिल पुन्हा सुरू झालं. मंदारने तिला आत बोलावून विचारलं, दुसऱ्या परिच्छेदाचं काय करावं.