हिरवळीवर पाय न ठेवता केंब्रिज कसं पाहावं

केंब्रिजला उतरल्यावर ‘विद्यापीठ कुठे आहे?’ असं कुणालाही विचारू नये. विचारलंच, तर समोरचा माणूस अतिशय सभ्यपणे चारही दिशांना हात करेल, आणि त्याचं बरोबरच असेल. एक मोठं फाटक, वर पाटी, आत इमारती असला प्रकार इथे नाही. १२०९ साली ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी बिनसल्यामुळे तिथले काही विद्वान जीव मुठीत धरून इकडे आले, आणि तेव्हापासून विद्यापीठ गावात असं मुरलंय की वेगळं काढून दाखवता येत नाही. आज ३१ कॉलेजं आहेत. प्रत्येकाचं दार वेगळं, नियम वेगळे, आणि ‘आज बंद’ची पाटीही वेगळी.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून जलद गाडी पन्नासेक मिनिटांत पोचवते. ‘केंब्रिज नॉर्थ’ येईपर्यंत बसून राहू नये, त्याच्या आधीच ‘केंब्रिज’ला उतरावं. स्टेशनापासून गाव चांगलं वीस-पंचवीस मिनिटांच्या पायपिटीवर आहे. १८४५ मध्ये रेल्वे आली, तेव्हा विद्यापीठाला ती उंबऱ्यापाशी नको होती. गाडीत बसून पोरं लंडनला जातील आणि बिघडतील, ही भीती. पोरं बिघडायची थांबली नाहीत, आपले गुडघे मात्र अजून शिक्षा भोगताहेत.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत शक्यतो जाऊ नये. परीक्षा असतात, आणि मुलं खरोखर अभ्यास करतात या समजुतीवर बरीच कॉलेजं दारं लावून घेतात. इतर वेळी दार उघडं दिसलं, तर आत डोकावून आधी पोर्टरला नमस्कार करावा. त्याला बॅग उचलायला सांगू नये. तो एकाच वेळी कॉलेजचा द्वारपाल, टपालखातं आणि गृहमंत्री असतो.

आतल्या चौकात जी हिरवीगार हिरवळ दिसेल, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. काठावर नाही, फोटोपुरता नाही, लहान मुलाचा चेंडू गेला म्हणूनही नाही. बहुतेक ठिकाणी तो हक्क फक्त कॉलेजच्या फेलोंचा. थोडं थांबलात तर एखादा फेलो बगलेत कागद मारून हिरवळीच्या मधोमध, कुणाकडेही न बघता, चालत जाताना दिसेल. त्याला घाई नसते. वळसा घालून जायलाही तेवढाच वेळ लागला असता. पण शेकडो वर्षांची उतरंड एका माणसाच्या चालण्यात बघायला मिळते आणि तिचं वेगळं तिकीट नसतं.

आता या मार्गदर्शिकेतला मुख्य नियम. ज्या वस्तूसमोर गर्दी उभी असेल, ती मिनिटभर बघावी आणि मग तिच्याकडे सरळ पाठ करावी.

याला अपवाद एकच, किंग्ज कॉलेजचं चॅपल. सहाव्या हेन्रीनं १४४६ मध्ये ते सुरू केलं. मध्ये राजघराण्यांची यादवी झाली, पैसा आटला, राजे बदलले, आणि दगडी काम संपायला १५१५ उजाडलं. डोक्यावर पंख्यासारखी उलगडत गेलेली दगडी कमान आहे, या घडणीची जगातली सर्वात मोठी. आत शिरल्यावर तोंड उघडं पडतं, ते पडू द्यावं. तिकीट बरंच आहे. पण सत्र चालू असताना संध्याकाळच्या प्रार्थनेला गायकवृंद गातो आणि तिला तिकीट नसतं; तेव्हा जावं. प्रार्थना संपेपर्यंत मात्र बसावं लागतं, हे सोबतच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावं.

बाहेर किंग्ज परेडवर हातात फलक घेतलेली तरुण मुलं पाठलाग करतील. ती ‘पंट’ विकतात, म्हणजे सपाट बुडाच्या होडीतली फेरी. फेरी जरूर घ्यावी, कारण बऱ्याच कॉलेजांची मागची बाजू नदीवरूनच नीट दिसते आणि पुढच्या बाजूपेक्षा ती देखणी आहे. क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल आला की नावाडी सांगेल: हा न्यूटननं एकही खिळा न मारता बांधला, विद्यार्थ्यांनी तो सुटा केला, पण पुन्हा कुणाला जोडता येईना, म्हणून बोल्ट मारले. वाद घालू नये. न्यूटन १७२७ साली वारला आणि पूल १७४९ चा. आत्ता दिसतो तो तर १९०५ मध्ये सागवानात नव्यानं बांधलेला. पण त्या मुलाला फी भरायची असते, आणि गोष्ट चांगली आहे.

स्वतः नाव चालवायची खुमखुमी असेल, तर मागच्या फळीवर उभं राहावं. (ऑक्सफर्डात दुसऱ्या टोकाला, आत उभे राहतात. ते इथे बोलून दाखवू नये.) लांब बांबू पाण्यात सरळ सोडायचा, तळाला टेकला की रेटा द्यायचा आणि उपसताना किंचित पिळायचा, कारण कॅम नदीचा चिखल बांबू धरून ठेवतो. तो अडकला की नाव पुढे निघते, हात मागे राहतात, आणि काय सोडायचं हे ठरवायला फार तर एक सेकंद मिळतो. बांबू सोडावा. आपण पैसे भरून आणलेली वस्तू सहसा हातची सोडत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवलं. नावेत वल्हं असतं, त्यानं मागे येऊन बांबू काढता येतो. बांबूला लोंबकळणाऱ्या माणसाला मागे येता येत नाही.

ट्रिनिटी कॉलेजच्या दारावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे. त्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे. कुणा विद्यार्थ्यानं कधीतरी केलेली अदलाबदल कॉलेजनं तशीच ठेवली. दाराशेजारी सफरचंदाचं झाड आहे आणि त्याच्यापुढे रांग. ज्या झाडाची गोष्ट सांगतात, ते लिंकनशरमध्ये न्यूटनच्या गावच्या घरी होतं; हे त्याचं कलम. एक फोटो काढावा आणि मागे वळावं. रस्त्यापलीकडे ट्रिनिटीचंच व्ह्यूएल्स कोर्ट आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या खोलीत श्रीनिवास रामानुजन राहिले. कॉलेजच्या भोजनगृहातलं खायचं नाही, म्हणून स्वतःचं रांधून खात आणि रात्र-रात्र गणितं करत. त्या भिंतीपुढे रांग नसते. झाडाकडे पाठ करून उभं राहिलं, तर इतिहास समोर आणि गर्दी मागे, ही सोय फार कमी शहरांत आहे.

‘ईगल’ नावाच्या पबमध्ये २८ फेब्रुवारी १९५३ ला फ्रान्सिस क्रिकनं जीवनाचं रहस्य सापडल्याचं जाहीर केलं, असं त्याच्या सहकाऱ्यानं, वॉटसननं, लिहून ठेवलंय. तिथे फलक आहे, आणि ज्यांच्या हाती पेला आहे ते सगळे तो वाचतात. आपण कोपऱ्यावरून फ्री स्कूल लेनमध्ये शिरावं. अरुंद बोळ आहे. जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा इथली. इलेक्ट्रॉन १८९७ मध्ये इथे सापडला, न्यूट्रॉन १९३२ मध्ये, आणि डीएनएची रचनाही पबमध्ये नव्हे, इथेच जुळली. आतल्या बाजूला एका विटांच्या भिंतीवर जबडा वर करून उभी असलेली मगर कोरलेली आहे. प्योत्र कापित्सा या रशियन शास्त्रज्ञानं आपल्या गुरूचं, रदरफर्डचं, टोपणनाव ‘मगर’ ठेवलं होतं. १९३३ मध्ये नवी प्रयोगशाळा झाली, तेव्हा त्यानं शिल्पकार एरिक गिलकडून ती भिंतीवरच कोरून घेतली. माझ्या मते अख्ख्या गावातलं हे सर्वात गोड स्मारक आहे. गुरूला असली दक्षिणा द्यायला धीर लागतो.

फिट्झविल्यम संग्रहालय फुकट आहे. बघून बाहेर पडलात की पुन्हा तोच नियम. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर केंब्रिजला शिकत होते तेव्हा त्यांची संस्था, फिट्झविल्यम हाउस, समोरच्या जुन्या घरांत होती. त्यांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ निघण्यापूर्वी वाचून ठेवावं. चारांतलं एक नगर हेच.

शेवटी सेनेट हाउस. किंग्जचं चॅपल बघायला आलेले लोक त्याला पाठमोरे उभे असतात, त्यामुळे कुंपणापाशी हमखास जागा मिळते. १९५८ मध्ये इथल्या छपरावर एका सकाळी चक्क मोटारगाडी उभी दिसली. विद्यार्थ्यांनी रातोरात चढवलेली. त्याच्या कितीतरी आधी इथे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल गुणानुक्रमे मोठ्यानं वाचत. १८९९ च्या यादीत दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर जोडीनं पहिले आले आणि सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय ठरले. पुण्याला ‘रँग्लर’ ही पदवी नावाआधी लावायची सवय लागली ती इथून. शेवटच्या नंबरात पास होणाऱ्यासाठी मित्र गॅलरीतून दोरीनं लाकडी चमचा खाली सोडत. हा चमचा १९०९ मध्ये बंद झाला. त्यानंतर अनुक्रम जाहीर करणंच थांबलं. त्याआधी, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट ही विद्यार्थिनी ‘सीनियर रँग्लरच्या वर’ आल्याचं इथेच जाहीर झालं. तिला पदवी मात्र नाही, कारण बाईमाणूस. केंब्रिजनं बायकांना पदव्या द्यायला १९४८ उजाडलं. मधल्या काळात, १८९७ मध्ये, त्यावर मतदान होतं, तेव्हा समोरच्या पुस्तकाच्या दुकानावर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगून पुरुष विद्यार्थ्यांनी विरोध नोंदवला होता.

ते दुकान अजून आहे. त्या जागी १५८१ पासून पुस्तकं विकली जाताहेत. आत अवश्य जावं, हवं ते पुस्तक घ्यावं, आणि किंमत बघून पाउंडाचे रुपये करत बसू नये. या चौकात आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ गणितं केली आहेत. आपलं एक राहिलं तरी चालेल.