माणशी किती एमबीपीएस?

"काका, शंभरमध्ये आजकाल काही होत नाही," असं फोनवरचा तरुण म्हणाला तेव्हा मला वाटलं, तो भाजीबद्दल बोलतोय. तो नेटबद्दल बोलत होता. घरात पाच माणसं आणि प्लॅन फक्त 100 एमबीपीएसचा? किमान तीनशे तरी हवेतच! त्याच्या आवाजात एवढी कणव होती की, आपण पोराबाळांना उपाशी ठेवतोय असं मला वाटायला लागलं.

तक्रारीला जागा होतीच. चिरंजीवांच्या मीटिंगमध्ये साहेबांचं तोंड उघडंच राहायचं आणि शब्द मागाहून यायचे. "बाबा, नेट झोपलंय!" ही आमच्या घरातली भूपाळी.

पण मी तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले. तीनशे हा आकडा आला कुठून, हे पाहिल्याशिवाय सही करणं रक्तात नाही. जुन्या डायरीचं कोरं पान काढून बसलो.

"अहो, त्यात एवढं काय?" बायको म्हणाली. "माणशी किती ते लिहा आणि बेरीज मारा. पोळ्यांचं मी काय करते?"

मग माणशी लिहीत गेलो. आईचं टीव्हीवरचं कीर्तन: नेटफ्लिक्सवाले फुल एचडीला 5 एमबीपीएस पुरे म्हणतात, तेवढेच बुवांना दिले. फोरकेला 15 लागतात, पण आमचा टीव्ही फोरके नाही आणि बुवांच्या उपरण्याचे धागे मोजायची आईची इच्छाही नाही. चिरंजीवांची मीटिंग, 4. कन्येची रिळं, 5. बायकोचे पाककृतींचे व्हिडिओ, 5. ती पाहते एक आणि करते तिसरंच, पण त्याचा स्पीडशी संबंध नाही. माझा ई-पेपर, 1. डुलकी लागली की शून्य. एकूण 20.

"आणि कुणी अवचित आलं तर?" बायकोने विचारलं. दुप्पट धरले. चाळीस.

पेन खाली ठेवलं आणि मला आमचं पहिलं नेट आठवलं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमतर्फे. आमच्याकडे ते पोचायला आणखी चार वर्षं गेली. 56 केबीपीएसचा मोडेम, म्हणजे आजचे शंभर त्याच्या अठराशे पट. आतेबहिणीसाठी अमेरिकेतल्या एका मुलाचा फोटो आला होता. तो वरून खाली, पट्टी-पट्टीने उतरत होता. केस आले, कपाळ आलं, चष्मा आला. सगळं घर कॉम्प्युटरभोवती. नाक अर्धं आलं आणि आतल्या खोलीत काकूने दूधवाल्याला फोन करायला रिसीव्हर उचलला. लाइन तुटली. अर्ध्या नाकावर लग्न ठरवायला आत्या तयार नव्हत्या. पुढे 2004 च्या सरकारी धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं, तेव्हा आम्हाला ती चैन वाटली होती.

एक शंका मात्र उरली. शंभर आहेत, तर सिनेमा उतरवताना आकडा बाराच्या वर का जात नाही? कन्येने फोड करून सांगितली: प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, आठ बिटांचा एक बाइट. शंभरचे साडेबारा. आंब्याचा आकडा नगावर सांगायचा आणि घरी येऊन डझनात मोजायचे, तसला प्रकार. तरीही लागतात चाळीसच, मग चिरंजीवांचे साहेब गोठतात का?

मोबाइल तळहातावर धरून, नारळ घेतलेल्या पाणाड्यासारखा मी घरभर फिरलो. वायफायच्या डब्यापाशी 94. हॉलमध्ये 40. चिरंजीवांच्या खोलीत 6! आमचा डबा बेडरूमच्या कोपऱ्यात, आरशाच्या लोखंडी कपाटामागे. हॉलची शोभा जाते म्हणून बायकोनेच तो तिथे ठेवायला लावला होता. लोखंड आणि आरसा, दोन्ही वायफायचे वैरी. तीनशेचा प्लॅन घेतला असता, तरी कपाट तिथेच उभं राहिलं असतं.

घराचा मध्य मोजला, तर तो निघाला स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या फळीवर. तिथे आईच्या लोणच्याच्या बरण्या. वाटाघाटी दोन दिवस चालल्या. शेवटी लिंबाची बरणी खाली उतरली, कैरीची जागची हलली नाही. वायरवाला येऊन लांब वायर टाकून गेला आणि चिरंजीवांच्या खोलीत 58 आले. साहेबांचं तोंड आणि आवाज एका वेळी चालू लागले. चिरंजीवांना त्याचा फारसा आनंद झाला असं दिसलं नाही.

तरुणाचा परत फोन आला. "काका, काय ठरलं?"

"पन्नासचा द्या."

पलीकडे इतका वेळ शांतता होती की, त्याचंही नेट झोपलं असावं.

परवा सकाळी पाणी प्यायला उठलो, तर फळीवर डबा दिसेना. नीट पाहिलं. कैरीच्या बरणीशेजारी दुसरं एक पांढरं गाठोडं, आत हिरवे दिवे मिणमिणताहेत. आईने वायफायला दादरा बांधला होता.

"धूळ बसते रे," ती म्हणाली. "आणि हाताला गरम लागतोय तो. मुरतोय वाटतं."

मी दादरा सोडण्याआधी मोबाइल काढून मोजलं. अठ्ठेचाळीस.