कारण : गांजा

२६ जून जवळ आला की आमच्या पालघर तालुक्याला नशामुक्तीची झिंग चढते. माहीमच्या नाक्यावर यंदाही फलक लागला : ‘गांजा ओढाल तर वेडे व्हाल! शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध!!’ मधोमध कवटी आणि कवटीभोवती सात-आठ शुभेच्छुकांचे हसरे फोटो. कवटी फोटोंपेक्षा लहान ठेवली होती. शिष्टाचार म्हणून काही असतोच.

पुढचा कार्यक्रम तुम्हाला पाठ आहे. शाळेचा हॉल, पोरं सतरंजीवर, पाहुणे खुर्चीवर, शाल, नारळ, शपथ. प्रमुख पाहुण्यांनी फलकावरचं वाक्य फुगवून अर्धा तास सांगितलं. मग ‘कोणाला काही शंका?’ असं कोणाला काही शंका नसावी अशा सुरात विचारलं, आणि नववीतला एक मुलगा उभा राहिला.

‘‘सर, सिद्ध कोणी केलं?’’

पाहुण्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांकडे, वर्गशिक्षकांनी मुलाकडे. ‘‘कुठल्या आळीतला रे तू? उद्या बाबांना घेऊन ये.’’ पुरावा मागतो म्हणजे पोरगा ओढत असणारच. हेही शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध.

मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि पाहुण्यांना ते ठाऊक असतं तर नारळ सोडून पळाले असते. सिद्ध केलं एका कारकुनाने.

गोष्ट १८९३ सालची. गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरून वाहताहेत, अशी ओरड लंडनच्या पार्लमेंटात झाली. सरकारने कमिशन नेमलं : इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. चार साहेब, तीन हिंदी सभासद. त्यांनी देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये हजारो पानांचा अहवाल दिला. साहेबाच्या हेतूंवर शंका घ्यायला माझी हरकत नाही. गांजावरचा कर सरकारी तिजोरीत पडत होता आणि तिजोरीचं प्रेम साहेबाला कमी नव्हतं. पण या मंडळींनी एक गोष्ट अशी केली, जी त्यानंतर आपल्याकडे सहसा कोणी करत नाही. त्यांनी मूळ कागद मागवला.

वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवहीत एक रकाना असे : वेडाचं कारण. १८९२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात १,३४४ जण दाखल झाले आणि त्यांतल्या २२२ जणांपुढे या रकान्यात गांजा, भांग किंवा चरस लिहिलेलं होतं. झाला आकडा तयार. असेच आकडे वर्षानुवर्षं अहवालांत जात होते, अहवालातून वर्तमानपत्रांत, तिथून पार्लमेंटात. कमिशनने विचारलं, हा रकाना भरतो कोण? डॉक्टर? छे. माणसासोबत पोलीस किंवा मॅजिस्ट्रेट कचेरीचा एक कागद यायचा, त्यावर कारण असेल तर इस्पितळातला बाबू ते वहीत उतरवून घ्यायचा. आणि त्या कागदावर कारण कुठून यायचं? रस्त्यावर बडबडणारा माणूस शिपायाने धरला, घरदार सापडत नाही, विचारायला आईबाप नाहीत, झोळीत चिलीम निघाली. लिहा : गांजा. चिलीम नाही निघाली, तरी साधू दिसतोय ना? लिहा : गांजा. बाप वेडा होता का, डोक्यावर पडला होता का, ताप मेंदूत गेला होता का, दारू किती प्यायचा, हे विचारत बसायला शिपायाला वेळ कुठला! त्याला बिगी बिगी माणूस पोचवून पावती घ्यायची असते.

कमिशनने त्या वर्षीचं एकेक प्रकरण पुन्हा उकरलं. २२२ चे उरले ९८. त्यातही निव्वळ गांजाच्या माथी मारता येतील असे ६१. उरलेल्या ३७ जणांच्या बाबतीत दुसरीही कारणं होती. शेवटी कमिशनने लिहिलं की बेताने घेणाऱ्याच्या बुद्धीवर परिणाम दिसत नाही, अति करणाऱ्याचं नुकसान होतं, आणि अति करणारे थोडे. ९८ हा आकडा शून्य नाही, हे मीही वाचलंय. पण १२४ माणसांच्या डोक्यावर एका रकान्याने गांजाचं खापर फोडलं होतं. तेव्हा माहीम हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. इथला एखादा भ्रमिष्ट कुलाब्याच्या इस्पितळात नेला असता, तर त्याच्यासोबतही तोच कागद गेला असता.

मला त्या कारकुनाबद्दल मात्र आदर आहे. राग नाही. रकाना रिकामा ठेवला तर साहेब खेकसणार, ‘माहीत नाही’ लिहिलं तर नालायक ठरणार. त्याने देशाच्या प्रशासनाला एक अजरामर तोडगा दिला : कुठल्याही प्रश्नाला चालेल असं एकच उत्तर. नीट वापरलं तर आजही तालुका सुतासारखा सरळ होईल. डहाणू लोकल विरारला लटकली. कारण : गांजा. माहीमच्या वाड्यांत पानवेल जळाली, विहिरीचं पाणी मचूळ झालं. कारण : गांजा. बोईसरच्या उड्डाणपुलाखाली गुडघाभर पाणी, रस्त्याचं डांबर पहिल्या सरीत वाहून गेलं, कंत्राटदार सापडत नाही, सापडला तर फोन लागत नाही. कारण, कारण, कारण. ग्रामसभेला गणपूर्ती नाही, कारण सभासद घरी ओढत बसले असणार. नळाला पाणी नाही, कारण टाकीवाला ओढून झोपला. बिल दुप्पट आलं, मीटरच ओढत असेल. सातबाऱ्यावर आजोबांच्या जागी भलत्याचंच नाव चढलं, तेव्हा तलाठ्याने काय ओढलं होतं याची चौकशी नको, आजोबांची करा. माझं तर म्हणणं आहे की प्रत्येक सरकारी नमुन्यात हा रकाना आधीच छापून द्यावा. कागद वाचेल, शाई वाचेल, आणि मुख्य म्हणजे विचार वाचेल, ज्याचा तुटवडा फार आहे.

आता कोणी म्हणेल, जुनं उकरून काय फायदा, आज विज्ञान किती पुढे गेलंय. गेलंय ना. पाहुण्यांनी त्या दिवशी दुसरं वाक्य फेकलं : ‘गांजाने मेंदूच्या पेशी मरतात.’ हे कुठून आलं? माकडांकडून. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला काही ऱ्हीसस माकडांना गांजाचा धूर देऊन मेंदू तपासले, त्यात बिघाड दिसला, मथळे झाले. माकडं मोजकी होती, आणि बिघाड गांजाने झाला की धुरात जीव गुदमरल्याने, ही शंका तेव्हापासून आहे. नंतरच्या प्रयोगांत तसा बिघाड सापडला नाही. गंमत म्हणजे १८९४ च्या कमिशननेही कलकत्त्यात एका माकडाला महिनोन्‌महिने गांजा पाजून मेंदू तपासून घेतला होता. मेंदू धड निघाला. त्या माकडाचा फोटो कोणी फलकावर छापत नाही.

इथवर वाचून ज्यांनी मला गांजाचा एजंट ठरवलं असेल, त्यांनी जरा थांबावं. खरा पुरावा आहे, आणि तो सांगत नाहीत म्हणूनच माझं डोकं फिरलंय. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यात भरती झालेल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षं माग काढला गेला आणि १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले : भरतीआधीच पन्नासहून अधिक वेळा ओढलेल्यांना स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट. गांजाने आजार होतो, की आजाराकडे झुकलेलं मन गांजाकडे वळतं, यावर संशोधक अजून भांडताहेत; इतर घटकांचा हिशेब धरला की सहापटीचा आकडा खालीही येतो. पण कोवळ्या वयात, रोज, कडक माल ओढणाऱ्या पोराने घाबरायला हवं, एवढं त्यातून नक्की निघतं. घरात कोणाला असा आजार असेल तर दुप्पट घाबरायला हवं. व्यसनाचंही तसंच. १९९४ च्या एका अमेरिकी पाहणीत, एकदा तरी चव घेतलेल्यांपैकी गांजाच्या आहारी गेलेले ९ टक्के निघाले, दारूच्या १५ आणि तंबाखूच्या ३२. हे आकडे त्या नववीतल्या पोराला द्या की! त्याला कळतं. तो गणितात तुमच्यापेक्षा बरा आहे. पण तुम्ही त्याला कवटी दाखवता. तो दोन वर्षांनी बोईसरला आयटीआयला जातो, कोणीतरी कॉलेजच्या मागे पुडी पुढे करतो, तो एक झुरका मारतो, वेडा होत नाही. घरी येतो, जेवतो, झोपतो. त्या क्षणी तुमचा फलक खोटा ठरतो. मग खरं सांगितलेलं असतं तेही त्याच्या लेखी खोटं ठरतं, आणि त्याच फलकावर शेजारी ब्राउन शुगर लिहिलेलं असतं, महाराज! तेही त्याने थापच समजायची का? पोर हातचं गेलं, तर तुम्ही कागदावर काय लिहिणार, हे मला आजच सांगता येतं.

३२ टक्केवाला तंबाखू पाहुण्यांच्या गालात होता, हे मी मुद्दाम आधी लिहिलं नाही. गुटख्याला या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी मिळते कुठे, हे शाळेच्या फाटकापासून पाचवीचं पोरही दाखवेल. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने तर गांजाच्या एकाच झाडाची वाटणी केली : शेंडा गुन्हेगार, एकटं पान निर्दोष. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं मतदान झालं, २७ विरुद्ध २५, आणि आपल्या देशाने ‘काढा’ म्हणून हात वर केला. ही बातमी फलक रंगवणाऱ्यापर्यंत अजून यायची आहे, बहुधा डहाणू लोकलने निघाली असावी.

पण खरी आग वेगळ्याच गोष्टीने लागते. गांजाला पुरावा नको, मग पुरावा हवा कोणाला? आम्हाला. तारापूर एमआयडीसीच्या वाऱ्याखाली राहणाऱ्यांना. २०१८ च्या देशव्यापी प्रदूषण निर्देशांकात तारापूरला शंभरापैकी ९३.६९ मिळाले. देशात पहिला नंबर. आमच्या तालुक्याला एवढे मार्क बोर्डातही कधी पडले नसतील. रात्री दोनला खिडकीतून सडक्या अंड्यांचा वास येतो, डोळे चुरचुरतात, खाडीवर मासे उताणे पडतात, मच्छीमार लवादापर्यंत जाऊन आले. तरी तक्रार घेऊन जा, टेबलापलीकडचा माणूस तुमच्याकडे शास्त्रज्ञासारखं बघतो. नमुना कधी घेतला? बाटली निर्जंतुक होती का? वाऱ्याची दिशा? हा वास याच कारखान्याचा, हे कशावरून? तुमच्या खोकल्याचा आणि धुराचा संबंध दाखवणारा अभ्यास आहे का? तज्ज्ञांचा अहवाल जोडा. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे मी याच टेबलासमोर उभा राहून शिकलो, आणि ते शंभर टक्के खरं आहे. फक्त हा गृहस्थ २६ जूनला रजेवर का असतो, ते कळत नाही. आमच्या आळीतल्या एका म्हातारीने जन्मात विडी ओढली नाही, दमा आहे. केसपेपरवर कारण लिहिलं होतं : हवामानातील बदल. तिच्यासह आळीतल्या सगळ्यांनी सह्या करून धुराबद्दल अर्ज दिला. उत्तर आलं, शिक्का स्पष्ट, सही अस्पष्ट. ‘आपल्या अर्जात धुराचे कारण नमूद केलेले नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’