एक रुपयात किलोमीटर? आधी लाइट बिल दाखवा

‘एक रुपयात एक किलोमीटर, भाऊ!’ इलेक्ट्रिक गाडी विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं. वाशिम, रिसोड, कारंजात ते खरं आहे का, हे शोरूमच्या चकचकीत माहितीपत्रकात सापडत नाही. महावितरणच्या बिलावर युनिटच्या टप्प्यांचा तक्ता छापलेला असतो, तिथे बघा. बहुतेक घरांसाठी ते खरं नाही.

आधी पेट्रोल. 2025 मध्ये लिटरला 104-105 रुपये. छोटी गाडी, एसी चालू, खड्डे आणि गतिरोधक धरून 16 किलोमीटरचं मायलेज म्हणजे डोक्यावरून पाणी. किलोमीटरला साडेसहा रुपये झाले. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे साडेसहा हजार गेले. सोयाबीनचा 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे दर महिन्याला सव्वा क्विंटल सोयाबीन टाकीत ओतायचं, आणि तेही हमीभाव मिळाला तर! या पेट्रोलवर राज्य सरकारचा 25 टक्के व्हॅट आहे, वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे वेगळे. त्यातच वीस टक्के इथेनॉल आलं. त्याने मायलेज थोडं घटतं, हे सरकारलाही मान्य करावं लागलं. लिटरचा भाव मात्र त्यासाठी एक पैशानेही उतरला नाही.

आता वीज. घरगुती विजेला एकच दर नसतो, टप्पे असतात. 2025 च्या जुलैपासूनच्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या 100 युनिटला साधारण सहा रुपये, 101 ते 300 ला अकरा, त्यापुढे निदान चौदा, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. शोरूमवाला हिशेब मांडतो तो सहा रुपयांनी. पण ते पहिले शंभर युनिट फ्रिज, पंखे, टीव्ही आणि पाण्याच्या मोटरीने केव्हाच खाल्लेले असतात. गाडी रांगेत शेवटी उभी असते, तिच्या वाट्याला महागडा टप्पाच येतो.

घरात आधीच 180 युनिट जळतात असं धरू. हजार किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून दीडशेच्या वर युनिट लागतात. त्यातले पहिले 120 अकराच्या दराने, उरलेले चौदाच्या. शुल्कासकट एकवीसशे रुपये. म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या वर. मे महिन्यात पारा 43-44 वर गेला आणि घरात दोन कूलर लागले, की अख्खी गाडीच चौदाच्या टप्प्यात जाऊन बसते. मग अडीच रुपये. गाडीचा एसीही त्याच बॅटरीवर चालतो, हे वेगळंच.

तरीही इलेक्ट्रिक स्वस्तच आहे, हे मी ठासून सांगतो. सव्वा क्विंटल सोयाबीनच्या जागी चाळीस किलो, हा फरक लहान नाही. ऑइल नाही, क्लच नाही, थर्ड पार्टी विम्यात 15 टक्के सवलत आहे. पण छोट्या गाडीतही पेट्रोल आणि इलेक्ट्रिकच्या किमतीत अडीच-तीन लाखांचं अंतर पडतं. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं ते पाच-सहा वर्षांत फिटतं. लग्नकार्य, दवाखाना आणि पोहरादेवीची वारी एवढ्यापुरतीच गाडी काढणाऱ्याचं बॅटरीच्या आठ वर्षांच्या वॉरंटीतही फिटणार नाही. त्याने पेट्रोलचीच गाडी ठेवावी, आणि त्यात कमीपणा मानू नये.

माझा खरा राग सरकारच्या सवलतीवर आहे. ती भलत्याच ठिकाणी दिली आहे. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणाने समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोल माफ केला. किलोमीटरला 2 रुपये 6 पैसे. दीडशे किलोमीटर गेलात की तीनशे रुपये वाचले. (माफी जाहीर होऊनही फास्टॅगमधून पैसे कापले जातात, हा विषय डिसेंबर 2025 मध्ये थेट विधानसभेत गेला, तो भाग निराळा.) समृद्धी आपल्याच कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जाते. पण त्यावरून रोज कोण जातं? रिसोडहून खेड्यावरच्या शाळेत जाणारा मास्तर जात नाही. मानोऱ्याहून तालुक्याची कामं करत फिरणारी आरोग्य सेविकाही जात नाही. समृद्धीवरून नागपूर-मुंबई धावणाऱ्याला माफी, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्याला चौदाचा टप्पा!

यावर उत्तर तयार असतं : दिवसा चार्ज करा. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच युनिटमागे 80 पैसे ते एक रुपया सूट आहे. नऊ ते पाच मास्तरची गाडी शाळेच्या पटांगणात उभी असते. ती घरी येते तेव्हा सूट संपलेली असते.

दुसरं उत्तर छतावरच्या सोलरचं, आणि ते मला पटतं. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे आणि महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट तयार होतात. घर आणि गाडी दोन्ही त्यात भागतं. स्वतःचं स्लॅबचं घर असेल आणि रोजचं फिरणं असेल, तर आधी सोलर आणि मग गाडी, हाच क्रम ठेवा. भाड्याने राहणाऱ्याला यातलं काहीच नाही.

गाडी घ्यायचं ठरलंच तर वायरमनला आधी बोलवा. गाडीसोबतचा चार्जर 15 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, पण अर्थिंग नीट नसेल तर नुसता लाल दिवा लावून गप्प बसतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंगची तार भिंतीत कुठेतरी संपलेली असते. मीठ-कोळशाचा खड्डा नव्याने करा, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. रब्बीत गावची डीपी जळाली, तर पेट्रोलवाला पंपावर जाईल, तुम्ही काय कराल, तेही ठरवून ठेवा.

आणि एक मागणी. सार्वजनिक चार्जिंग स्टेशनला विजेचा वेगळा, टप्पे नसलेला दर आहे. घरच्या गाडीला नाही, ती घराच्याच दरात मोजली जाते. वीज नियामक आयोगाच्या पुढच्या जनसुनावणीत वाशिमच्या लोकप्रतिनिधींनी एवढं एकच लेखी द्यावं : घरच्या गाडीला वेगळा मीटर द्या आणि त्याला एकच दर लावा. दर कितीही ठेवा, पण चौदाच्या टप्प्यात ढकलू नका.