घास पोचू दे

प्रत्येक सोसायटीत एक तरी असे गृहस्थ असतात, की ज्यांच्या रक्तात साखर निघते आणि ते उरलेल्या जगाला जेवायला शिकवायचं मनावर घेतात. गाझियाबादेत, आमच्या वैशालीत, हे काम भाऊकाकांकडे आहे.

काका मूळचे सांगलीचे. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं 1974 साली इथं हवाई दलासाठी रडार बनवायला कारखाना काढला. त्यानंतर काही वर्षांनी काका तिथं चिकटले, ते थेट निवृत्त होऊनच बाहेर पडले. नोकरीच्या काळात जेवण हे उरकायचं काम होतं. डबा उघडला म्हणेपर्यंत झाकण लागलेलं असे. आता त्यांची अर्धी पोळी होते तेवढ्यात समोरचा माणूस जेवून, हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून बसलेला असतो.

ह्या प्रकाराला ते 'माइंडफुल ईटिंग' म्हणतात. टीव्ही बंद, मोबाइल पालथा, घास बत्तीस वेळा चावायचा आणि तो गिळेपर्यंत हात ताटाला लावायचा नाही. घरात कुठंही फ्रिजचं दार वाजलं की आतल्या खोलीतून आवाज येतो, "भूक आहे की सवय?" सुनेला, नातवाला, पाहुण्यांना, सगळ्यांना हाच सवाल. एकदा फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या पोरालाही "भूख है या आदत?" असं विचारून झालं. तो बिचारा पाना हातात धरून म्हणाला, "अंकलजी, गैस चेक कर रहा हूँ."

त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य म्हणजे "थांब, पोचू दे." कुणी दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायला लागलं की काका हात आडवा करतात. पोट भरल्याची बातमी मेंदूपर्यंत जायला 20 एक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात आपण दोन पोळ्या जास्तीच्या हाणतो, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. साहिबाबाद ते दुहाई हे 17 किलोमीटर अंतर नमो भारत गाडी त्याहून लवकर कापते. पण पोटाची लाइन अजून मीटरगेज आहे, असं काकांचं मत. जन्मभर शत्रूच्या विमानांचे सिग्नल पकडणारी यंत्रं ह्यांच्या हाताखालून गेली, पोटाचा सिग्नल मात्र साठीनंतर लागला.

काका वाचनही दांडगं करतात. शंभरएक वर्षांपूर्वी अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. वजनापायी विमा कंपनीनं त्यांना विमा नाकारला, तेव्हा घासाचं पाणी होईपर्यंत चावायचं व्रत त्यांनी घेतलं आणि पुढं जगाला दिलं. पातळ पदार्थही तोंडात घोळवून मगच गिळायचे, असं त्यांचं सांगणं. हे वाचल्यापासून काका ताक चावतात.

मग बेदाण्याचा प्रयोग आला. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणतणावाचे वर्ग सुरू केले. त्यांत एकच बेदाणा तळहातावर घेऊन आधी बघायचा, बोटांनी चाचपायचा, हुंगायचा आणि मग सावकाश खायचा. काकांनी नातवाला समोर बसवलं, डोळे मिटले आणि बेदाण्याच्या सुरकुत्या मोजल्यागत बोट फिरवत राहिले. डोळे उघडले तेव्हा पुडी रिकामी होती. "आजोबा, मी सगळे लक्ष देऊन खाल्ले," नातू म्हणाला.

काकूंना ह्यात अमेरिकेचं नाव निघालेलं खपत नाही. "आमचे आजोबा चित्राहुती घालून, मौन धरून जेवायचे. कुठं कुणाला पत्र पाठवून विचारलं नव्हतं." काकूंचा खरा आक्षेप मौनावर आहे. काका दोन घासांच्या मधे घासावरच बोलतात. जेवायला तास लागतो, त्यात चावणं पंधरा मिनिटं आणि बाकी प्रवचन, असा काकूंचा हिशेब आहे.

त्यात हे सगळं चालतं गाझियाबादेत, जिथं खाणं म्हणजे हातघाई. रविवारी सकाळी छोले-भटुऱ्यांच्या गाड्यावर काका उभे राहतात तेव्हा मागच्या रांगेची कसोटी लागते. टम्म फुगलेला भटुरा ताटलीत पडतो. काका आधी त्याच्याकडे बघतात, मग वाफेचा वास घेतात, मग एका कडेला नखभर भोक पाडून तो फुस्स होताना ऐकतात. छोल्यांवर तेलाची तर्री चढते, लोणच्यातली मिरची मऊ पडते, भटुऱ्याचं चामडं होतं आणि काकांचा पहिला घास अजून तोंडात असतो. गाडीवाला काकुळतीला येऊन विचारतो, "अंकलजी, कुछ कमी रह गई क्या?" काका बोटानं 'थांब' म्हणतात. बत्तीस व्हायचे असतात.

राजनगर एक्स्टेन्शनच्या लग्नांत तर काकांचं हसं ठरलेलं. वरात रात्री दहानंतर पोचते. काका रिकामी ताटली घेऊन आधी सगळ्या काउंटरांची पाहणी करतात, मोजकं वाढून घेतात, खुर्ची शोधून बसतात. ते मूगडाळीच्या हलव्यापाशी येतात तेव्हा केटररची माणसं शेगड्या विझवून स्वतः जेवायला बसलेली असतात. तीच माणसं काकांना हलवा वाढतात, आणि काका त्यांच्यातच बसून खातात. मग साखरेचं काय, असं विचारलं तर म्हणतात, "दोन चमचे खाल्ले. पण दोन्ही खाल्ले." साखर खरोखर उतरली आहे, हे मात्र रिपोर्ट सांगतो, त्यावर हसता येत नाही.

घरात आणखी एक बदल झाला आहे. इतकी वर्षं काकू तव्यापाशी उभ्या राहून गरम फुलके वाढत आणि सगळ्यांचं आटोपल्यावर शेवटी एकट्या जेवत. काकांचा वेग असा झाल्यावर तव्यावरून ताटात ही पद्धत बंदच पडली, कारण दुसरा फुलका फुगायचा तेव्हा पहिल्याचा कोपरा मोडलेला असायचा. एक दिवस काकूंनी सगळे फुलके डब्यात भरले, गॅस बंद केला आणि काकांच्या समोर ताट मांडून बसल्या. तेव्हापासून दोघं बरोबर जेवतात. म्हणजे बसतात बरोबर. काकू उठतात आधी आणि मालिका लावतात. तोवर भांडीवाली बाई येऊन गेलेली असते, त्यामुळं आपलं ताट काकांनीच घासायचं, असा दंडक पडला आहे.

व्हिएतनामचे भिक्खू थिक न्हाट हान यांनी भांडी घासण्याबद्दलही एका पुस्तकात हेच लिहून ठेवलं आहे: मन दुसरीकडे नको, भांडं घासताना भांडंच घासावं. हे मी सहज बोलून गेलो. परदेशी नावाला नाक मुरडणाऱ्या काकूंनी ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. आता ते पुस्तक काकांना भेट द्या म्हणून त्या माझ्या मागे लागल्या आहेत, आणि कुकरचं प्रकरण त्यात आहे का, तेही बघून ठेवायला सांगितलं आहे.