लालबागचा भालाईत

इंदूरच्या लालबाग भागातल्या जुन्या मराठी घरांत एक तरी पूर्वज होळकरांच्या फौजेत स्वार होता, असं सांगतात. सगळेच स्वार, तर घोड्यांना चंदी कोण घालत होतं, हे कुणी विचारत नाही. या घरांच्या ताज्या पिढीत भालाईत सापडतो. दिवसा तो कुठल्याशा ऑफिसात संगणकापुढे मान खाली घालून बसतो. रात्री जेवणं आटोपली की हेडफोन चढवतो आणि घोड्यावर मांड ठोकतो.

घोडा तुर्कस्तानचा. अंकाऱ्याच्या टेलवर्ल्ड्स कंपनीने २०१० मध्ये ‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’ आणि २०२२ मध्ये ‘बॅनरलॉर्ड’ हे लढायांचे संगणकीय खेळ पूर्ण स्वरूपात बाजारात आणले. आपला भालाईत दोन्हींत मुरलेला.

सुरुवातीला मात्र तो शत्रूवर सरळ समोरून चालून जायचा, तोंडाने ‘हर हर महादेव’. समोरचा पायदळवाला शांतपणे बरची पुढे करायचा, घोडा दोन पायांवर उभा राहायचा आणि थांबलेल्या स्वाराला चार जण मिळून खाली ओढल्यासारखे संपवायचे. महादेवाचा यात काही दोष नव्हता.

मग अक्कल आली. काखेत दाबलेला भाला मारतो तो वेगामुळे. घोडा भरधाव असला, त्यात समोरचाही धावत येत असला, तर एका टोल्यात निकाल लागतो. घोडा मंदावला की तोच भाला निव्वळ लांब बांबू, अंगाशी आलेल्या माणसाला तो लागतसुद्धा नाही. म्हणून भालाईत आता कडेकडेने हिंडतो. दुसऱ्याशी तलवारीने झुंजण्यात गुंतलेला, पाठ फिरवलेला माणूस हेरतो, मारतो, मागे न बघता लांब निघून जातो आणि मोठा वळसा घेऊन परत येतो. वाटेत आपलाच गडी आडवा आला तर तोही जातो. मग हेडफोनमधून तीन-चार भाषांत जे ऐकू येतं ते आईच्या कानी पडत नाही, हे बरं.

पाठीत भाला घालण्याबद्दल कुणी छेडलं की त्याच्याकडे यशवंतराव होळकर तयार असतात. १८०४ मध्ये इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनची पलटण मुकुंदरा घाटातून मागे फिरली आणि होळकरांच्या स्वारांनी तिला पार आग्र्यापर्यंत छळलं, असं तो पोह्यांवर जिरावण भुरभुरत सांगतो. गोष्ट खरी आहे. २१ डिसेंबर १८१७ ला शिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची फौज हरली, हेही खरं आहे. पण तो विषय निघाला की भालाईताला अचानक फोन येतो. त्या पराभवानंतर मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली, म्हणजे खरं तर याचा पत्ताच महिदपूरची देणगी.

लालबाग राजवाड्याच्या फाटकाशी मात्र त्याची छाती फुगते. बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरचं ते लोखंडी फाटक ‘आपल्या’ लोकांनी इंग्लंडात ओतवून आणवलं, हे तो पाहुण्यांना अशा थाटात सांगतो की जणू वाहतुकीचं भाडं यानेच भरलं होतं.

खऱ्या घोड्याशी त्याची भेट एकदाच झाली, मामेभावाच्या वरातीत. नवरदेव उतरल्यावर याला फोटोसाठी वर चढवलं. घोडीने कान हलवले, तेवढ्यावर हा बँडवाल्याच्या खांद्याचा आधार घेत उतरला. जीन सैल होतं, असं त्याचं म्हणणं आहे. घोडीवाल्याचं म्हणणं वेगळं आहे.

खेळात हल्ली तो बहुधा यादीत वरच असतो. त्याची बाजू बहुधा हरते. जिंकायचं तर झेंडे राखायला मैदानात कुणाला तरी थांबावं लागतं. भालाईत थांबत नाही. थांबणं पायदळाचं काम, असं त्याचं स्पष्ट मत आहे.

“जिंकलास का रे?” आई विचारते.

“मी नऊ जण पाडले.”

“ते नाही विचारलं मी.”

“पायदळ कच्चं होतं, आई.”