दीक्षारंभ, हारासकट

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली ‘दीक्षारंभ’ काढला: नवी पोरं बुजू नयेत, गुरुजींशी ओळख व्हावी, परिसर पाहावा. रिसोडहून पहिल्या एस्टीने वाशीमला आलेल्या पोराची मात्र आधी ओळख होते ती प्रमुख पाहुण्यांशी आणि त्यांच्या हारांशी. पासचा फॉर्म कुठे मिळतो, हे शेवटी कँटीनवालाच सांगतो.

पुढे रासेयो, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. वर्षाला 120 तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर. विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचं, तेव्हा खराटा आलाच. बाबा आधी गाव झाडत, मग कीर्तन करत. इथे आधी भाषण, मग फोटो. खराटा तोवर बॅनरमागे.

सहल अजिंठ्याला. तिथली बरीचशी लेणी वाकाटकांच्या काळातली आणि त्यांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच वाशीम, हे वाशीमच्या पोरांना तिथला गाइड सांगतो.